अकरावा

सूर. ओमानच्या किनाऱ्यावरचं गाव,
नावात गाणं ऐकू येतं ते फक्त मला.
रात्रपाळी. पंपांची घरघर भिंतीतून दातांत उतरते.
समुद्र इथे पाइपातून आत येतो,
पडद्यांवर दाबून गाळला जातो,
आणि मी दर तासाला वहीत लिहिते:
क्षार किती, क्लोराइड किती, सोडियम किती.

शम्सा नवी आहे, शिकाऊ.
पावणेचारला उकडलेलं अंडं सोलता सोलता विचारते,
सोडियम पाण्यात टाकला की पेटतो ना?
मग यात एवढा सोडियम आहे
तर समुद्र का पेटत नाही?

मला आठवते मिरजेच्या शाळेतली बाटली,
रॉकेलमध्ये बुडवलेला राखाडी खडा.
गद्रेबाई तो सुरीने कापायच्या, खरवसासारखा.
कापल्या जागी चांदी,
"बघा" म्हणेपर्यंत मळलेली.
तुरीएवढा तुकडा परातीतल्या पाण्यात टाकला
तर वेड्यासारखा धावला, चुरचुरला, पिवळा भडकला,
पहिल्या बाकावरच्या कुमुदिनी आरवाडेची वेणी
थोडक्यात वाचली.

पुस्तकात त्याला शब्द होता: उदासीन.
अकरा धन, अकरा ऋण, बेरीज शून्य,
म्हणून उदासीन अणू.
मला तेव्हाही हसू आलं होतं.
हा उदासीन?
ज्याला हवेच्याही हवाली करता येत नाही?

हिशेब जुळला म्हणजे घडी बसली असं नाही,
मी शम्साला सांगते,
माझ्या मोडक्या अरबीत, तिच्या बऱ्या इंग्रजीत.
दोन आत, आठ त्यांच्याभोवती,
आणि अकरावा एकटा, लांब, ओसरीवर.
आतली हाक दहांच्या गर्दीतून
त्याच्यापर्यंत पोचते ती पुसट.
पाणी दिसलं की तो निघालाच.
ती आग त्याच्या जाण्यापासून सुरू होते.
समुद्रात जो आहे त्याचा अकरावा कधीच गेला,
माणसं नव्हती तेव्हा.

"मग निऑन? तोही उदासीनच. तो का गप्प?"
पोरगी हुशार आहे.
त्याच्याकडे दहाच गं,
घडी जन्मापासून बसलेली.

एक गोष्ट मात्र मला अरबीत सांगता येत नाही.
माझ्या भाषेत ज्याने दिलं तो होतो धन
आणि ज्याने घेतलं तो ऋण.
क्लोरीन, तो हिरवट जीवघेणा वायू,
एक घेऊन ऋणी झाला
आणि इतका निवला
की आपण त्याला आमटीत घालतो.

मिरजेतला माझा वाटा भावाच्या नावावर करून
मी आले, त्याला नऊ वर्षं झाली.
फोनवर सगळे म्हणतात, शांत झालीस हं.
हे उदाहरण मी शम्साला देत नाही.
ते पुरतं खरं नाही.
समुद्रातला तो तरी कुठे सुटलेला असतो?
पाण्याचे रेणू ऑक्सिजनची बाजू त्याच्याकडे करून
घोळका धरून बसतात,
ऋण दिसेल तिकडे तो ओढला जातो,
म्हणून तर कांडी बुडवली की
माझ्या मीटरचा आकडा उड्या मारतो.
पेटत नाही, एवढंच.

"आणि परत अकरावा हवा असेल तर?"
मीठ तापवायचं, पाणी होईपर्यंत, लाल,
मग त्यातून वीज सोडायची,
एखाद्या वस्तीला पुरेल इतकी.
"आणि मिळाल्यावर?"
रॉकेलात ठेवायचा.

ती इतकी हसते की टरफलं टेबलाखाली सांडतात.
चार वाजले. मी उठून नमुना घेते,
आकडा लिहिते, सही करते.
परत येते तर शम्सा अंड्याचा घास तोंडात धरून
नाक मुरडतेय,
मिठाची पुडी बोटाने माझ्याकडून ओढून घेतेय:
अळणी आहे,
अजून लागेल.