माटोळीखाली

चवथीला सगळे येतात, म्हणून चवथच धरली.
एरवी कोण डिचोलीत, कोण वास्कोत, एक दुबईला;
सत्तावीस माणसं एका छपराखाली
मला पुन्हा कधी सापडली असती?

दुसऱ्या दिवशी, दुपारची आरती आटोपल्यावर
वाळपईहून आग्नेल आला स्कूटरवर.
मागे बर्फाची पेटी, मासळीवाल्याची असते तशीच.
शेजारचं मांजर त्याच्या पायांत घोटाळलं,
तेवढं एकदा हसून घेतलं सगळ्यांनी.

थोरले भावजी म्हणाले, देवासमोर रक्त काढायचं?
आग्नेलने पायरीवर चपला काढल्या, सोप्यावरच बसला.
आत येत नाही बाब, म्हणाला,
हात तेवढे बाहेर येऊ द्या.

प्रज्योत यातला सराईत.
पाच वर्षांचा. दर तीन आठवड्यांनी बांबोळीला,
कुणा अनोळखी माणसाची पिशवी
थेंब थेंब अंगात घेऊन कदंबाने परत.
त्यानेच वास्कोच्या काकाला शिकवलं:
मूठ वळ. सुईकडे बघू नको. पाल बघ ती भिंतीवरची.

त्याचं कळलं तेव्हा बोलणी मी खाल्ली होती.
माहेरचं काहीतरी असणार.
नागपंचमीला चिरलं असणार हिने.
डॉक्टरीणबाईंनी मग कागद ओढला,
पुरुषांना चौकोन, बायकांना वर्तुळ,
अर्धं काळं म्हणजे वाहक.
तुम्ही अर्ध्या. हे तुमचे यजमान, हेही अर्धे.
आणि खाली छोटा चौकोन, पूर्ण भरलेला.
इतका दाबून भरला
की कागदाच्या पाठीवर उमटला.

चार मुलांत एक, असा हिशेब नसतो, म्हणाल्या,
दर खेपेला नव्याने चारांत एक.
तेव्हापासून आमच्या घरात
पाळणा हा शब्द कुणी उच्चारलेला नाही.

अहवाल आले तेव्हा गणपती जाऊन बारा दिवस झाले होते.
माटोळीची लाकडी चौकट माळ्यावर चढवायची राहिलीच होती,
एक सुकलेलं कवंडळ अजून लोंबत होतं.
त्याच्या खाली बसून मी आखत गेले
चौकोन, वर्तुळ, वर्तुळ, चौकोन.

प्रमिला वन्सं अर्ध्या.
लावणीच्या दिवसांत बांधावर बसायची ती,
जिला आम्ही सगळ्यांनी आळशी ठरवलं,
वीस वर्षं जिने लोहाच्या गोळ्या गिळल्या
आणि रंग काही चढला नाही.
फोनवर बराच वेळ गप्प राहिली.
मग म्हणाली, हे आईला कळायला हवं होतं गो.

सासऱ्यांचं काय करायचं कळेना.
ते भिंतीवर, हार घालून, कुठल्याच सुईच्या पलीकडे.
थोरल्या जाऊबाईंचं वर्तुळ कोरं निघालं.
भावजींनी हात दिलाच नव्हता.
दीक्षिताचं पेडण्यात बघत होते;
एकदा नाव लागलं की सुटत नाही, म्हणाले.
त्यांचा चौकोन मी तसाच सोडला.

काल दीक्षिता आली. दिवाळीचे पोहे देण्याचं निमित्त.
पर्समधून दोन कागद काढले.
म्हापशाला जाऊन आलो, काकी, दोघंही.
तो कोरा आहे.
मी अर्धी.
त्याला सांगितलंस?
सांगूनच नेलं.

मग आम्ही दोघींनी एकदमच पाहिलं.
आई कोरी, मुलगी अर्धी.
मधला रिकामा चौकोन
आता रिकामा राहू शकत नव्हता.
बाहेर अंगणात भावजी सुपाऱ्या पसरत होते,
एकेक, नीट, जणू मोजून घ्यायच्या आहेत कुणाला.

मी पेन उचललं.
पेनाने नको, ती म्हणाली, पेन्सिलीने भर.
ते स्वतः हात पुढे करतील तेव्हा पेनाने.

पेन्सिल प्रज्योतच्या दप्तरात होती, टोक मोडलेली.
टोक काढताना आठवलं, उद्या बांबोळी,
पहाटेची बस.