आठचा आकडा

आधी अंगठाच उठेना.
चाळीस वर्षं दोर ओढून
बोटांच्या रेषा समुद्राकडे जमा.
सायबर कॅफेतला पोरगा म्हणाला, काका, पुसा, परत ठेवा.
पुसला. लुंगीला पुसला, केसांना पुसला.
यंत्राच्या मते मी नव्हतोच.
शेवटी डोळा दाखवला तेव्हा झालो:
नरहरी गोविंद पावसे, वय एकोणसाठ,
वाहनाचा प्रकार, गिअरवाली मोटरसायकल.

डॉक्टरांनी विचारलं, लाल-हिरवा ओळखता?
म्हटलं, काळोखात समोरच्या लाँचीचा
लाल दिवा दिसला की तिची डावी कूस,
हिरवा दिसला की उजवी,
आणि दोन्ही एकदम दिसले
तर देवाचं नाव घ्यायचं नि सुकाणू फिरवायचं.
त्यांनी कागदावर खूण केली,
पुढच्याला हाक मारली.

गाडी धाकट्याची. तो मस्कतला.
दोन पावसाळे ताडपत्रीखाली उभी,
साखळीला गंज, सीटमध्ये उंदरीचं बाळंतपण.
शिकवलं सुनेनं, मनालीनं,
कर्द्याच्या पुळणीवर, ओहोटीला वाळू कडक असते तेव्हा.
ओढणी कमरेला बांधून मागनं धावायची:
बाबा, उजवीकडे!
बाबा, उजवीकडे म्हणजे उजवीकडे!
हाताची सवय उलटी, त्याला मी काय करू.
सुकाणूचा दांडा डावीकडे ओढला
की होडी उजवीकडे वळते,
तीही लगेच नाही. विचार करून.
ही मात्र सांगाल तिथे, सांगाल त्या क्षणी.
दोनदा सरळ पाण्यात गेलो.

दापोलीला कॅम्प, महिन्यातून एकदा.
तांबड्या मैदानावर फक्कीनं काढलेला आठ,
रांगेत मिशी न फुटलेली पोरं,
साहेब घाटावरचे. नियम एकच सांगितला:
पाय टेकला की संपलं.
हे मला कुणी सांगायला नको.
खाडीच्या तोंडाशी वाळूची भर आहे,
भांगाच्या पाण्यात तिथे होडीचा तळ टेकला
की उरलेलं काम लाट करते.
तरी टेकला.
दुसऱ्या वेटोळ्यात, रेघ रेघेला कापते तिथे,
डावा पाय, मला न विचारता.
पोरं हसली नाहीत.
हसली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो.
या वेळी खाली बघितलंच नाही.
मैदानापलीकडे एक सुरू होता, त्याचा शेंडा धरला,
किनाऱ्यावरचं देऊळ धरून बंदरात शिरतो तसा,
आणि चाकांचं चाकांना करू दिलं.
सही करता करता साहेब म्हणाले,
आजोबा, या वयात कशाला?
म्हटलं, वेलदूरला जायचंय.
एस.टी. जाते की, म्हणाले.
मी गप्प बसलो.

लायसन टपालानं आलं. फोटोत मी चोर दिसतो.
मनालीनं डब्यात भाकरी नि सुकट दिली,
हेल्मेटचा पट्टा स्वतः ओढून बघितला.

दाभोळला फेरीबोटीवर गाडी चढवली.
पुढे जीप, मागे बर्फाचा टेम्पो, गळणारा.
स्टँडवर लावली नाही. धरून उभा राहिलो.
खाली इंजिन धडधडलं
आणि दोन्ही पाय आपोआप रुंद झाले.
तिकीटवाला पोरगा म्हणाला,
दुचाकी एक, माणूस एक.
मी मान डोलावली.

पलीकडे वेलदूरच्या धक्क्याला
'रत्नप्रभा' बांधलेली असते.
अडीच वर्षांपूर्वी विकली.
हिरवी होती, निळी केलीय म्हणतात.
नाव पुसलेलं नाही, असंही म्हणतात.

धोपाव्याचा धक्का आला, फळी पडली,
सगळ्यांनी गाड्या सुरू केल्या.
मी किक मारली. परत मारली.
टेम्पोवाला हॉर्न देत होता.
तिसरीला लागली.