अठरा मीटरचं थान

दवाबाजारात, तळमजल्यावर, जिन्याखालचा गाळा आमचा.
पाटी सासऱ्यांच्या वेळची : सर्जिकल सामान, थोक व चिल्लर.
सकाळी शटर अजून कमरेपर्यंतच वर गेलेलं असतं
तेवढ्यात कुणीतरी वाकून विचारतं,
"फोमवाली पट्टी आली का?"

पूर्वी कापूस, गॉज, चिकटपट्टी, जांभळं औषध,
एवढ्यावर वर्ष निघायचं.
जखम म्हणजे पोराचा गुडघा,
खपली धरली की संपलं.
आता फोम, जेल, चांदी लावलेली जाळी,
आणि समुद्री शेवाळाची एक मऊ चकती,
जी पाणी पिते आणि फुगते.
माळव्यात समुद्र कुठला,
पण महिन्याला चार खोकी लागतात.

कंपनीचा पोरगा टॅबवर आलेख दाखवतो.
"मॅडम, रेघ बघा, वरच चाललीय."
मी बघते.
रेघेखाली मला पाय दिसतात.
स्नेहनगरच्या तेलंगकाकूंची टाच.
बायपासवर डंपरने घासत नेलेला फिरोजचा घोटा.
आणि सुदामानगरात दोन वर्षं पाठीवर पडलेले मास्तर :
त्यांची सून मोबाइलवर माकडहाडाचा फोटो दाखवते,
दाखवताना अंगठ्याने
मास्तरांचा बाकीचा उघडा भाग झाकून धरते.

दर सोमवारी दौलत पराते येतात.
एका पायात चप्पल, दुसऱ्याला दुधाची पिशवी बांधलेली.
साखर. दोन बोटं आधीच गेलीत.
एकतीस वर्षं मिलमध्ये, विणाई खातं, रात्रपाळी.
थकलेले पैसे हातात आले तेव्हा
पाळीतले निम्मे भिंतीवर हारात होते,
हे ते सांगतात, पण कधी कुणी विचारलं तरच.

"थान दाखवा बाई."
मी अठरा मीटरचं थान काउंटरवर टाकते.
चश्मा कपाळावर. गॉज ट्यूबलाइटकडे धरलेलं.
नखाने एका इंचातले धागे मोजतात,
ओठ हलतात, मागे गिऱ्हाईक खोळंबतं,
"भिया, जल्दी," म्हणतं. ते ऐकत नाहीत.
"सतरा. पुडक्यावर किती लिहिलंय?"
"एकोणीस."
"दोन धागे खाल्ले कुणीतरी.
आमच्या खात्यात जॉबरने हे थान
अंगावर फेकून मारलं असतं."
मग तेच थान घेतात, घडी नीट करून.
सुटे पैसे आधीच मोजून आणलेले असतात.

एकदा शेवाळाच्या चकतीची किंमत विचारली.
मी सांगितली.
"एवढ्यात तर," म्हणाले, आणि वाक्य तिथंच सोडलं.

खणात नमुन्याची एक पडली होती.
मी दिली. आढेवेढे घेतले, मग घेतली.
पाकिटावरून बोट फिरवत राहिले.
"वीण कुठाय हिच्यात?"
"वीण नाही, काका."
"मग धरून कशी राहते?"
मला सांगता येईना.
कंपनीच्या पत्रकात होतं काहीतरी,
मी ते कधी पूर्ण वाचलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी पाकीट परत, न फोडलेलं.
"नातीला दाखवली. शाळेत पण नेली तिने.
पायाला नाही लावली.
इतकी गुळगुळीत चीज बांधून
मी काय फक्त रेशनच्या रांगेत जाऊ?"

कंपनीचा पोरगा शेजारीच उभा होता,
पुढच्या महिन्याचा आकडा मागत.
मी हाताने त्याला थांबवलं.
परातेंनी थान उजेडाला धरलं होतं,
ओठ हलत होते.
पिशवीतून काळपट काहीतरी झिरपून
माझ्या फरशीवर एक टिकली पडली होती,
ती त्यांना दिसली नव्हती, किंवा दिसली होती.

"अठरा," ते म्हणाले. "सुधारतंय."

"जखम?"

"नाही हो. थान."