पाण्याची रेघ

एप्रिल सरत आला, तरी साइमा सरोवराच्या या कोपऱ्यात
बर्फ अजून आहे. करडा, आतून पोखरलेला,
पाय ठेवायच्या लायकीचा नाही, आणि बोटीच्याही नाही.
युर्कीच्या आवारात ट्रेलरवर दोन बोटी
खडीच्या वर अधांतरी,
कुणी वाळत घातल्यासारख्या.

एक फायबरची, पांढरी. समोर काच, गुबगुबीत खुर्च्या,
साठ अश्वशक्ती,
शिवाय बाटल्या ठेवायला चार खळगे.
मी ते दोनदा मोजले. माणसं आम्ही दोनच.
दुसरी ॲल्युमिनियमची, बुटकी, वीसची.
बसायला आडव्या फळ्या.
टिचकी मारली तर पातेल्यासारखी वाजते.

युर्की म्हणाला, रेइयो, वारा सुटला की
उंच काठाचीच बरी. लाट आत येत नाही.
त्याचं खरं आहे. त्याचं नेहमीच खरं असतं,
फक्त थोडं महाग असतं.

मी पांढरीत चढलो. चाक धरलं.
जमिनीवरच्या बोटीत बसलेल्या म्हाताऱ्याइतकं
सुखी जगात कुणी नसावं :
बेटावरच्या आमच्या सौनापर्यंत मी अकरा मिनिटांत पोचलो,
एक थेंब न उडवता.

हिल्का इतका वेळ गप्प होती.
तिने पर्स खडीवर ठेवली, चष्मा पर्समध्ये,
शिडीवरून माझ्या शेजारी आली
आणि काठावर पोट टेकून पालथी झाली,
उजवा हात बाहेर, खाली सोडलेला.
बोटीच्या अंगावर निळी रेघ असते,
पाणी कुठवर येणार ते सांगणारी.
तिची बोटं रेघेच्या वीतभर वरच थांबली.
काही पडलं का, युर्कीने विचारलं.
अजून नाही, ती म्हणाली.

मग बुटकीत. पुन्हा तसंच.
हिला रेघ नव्हती, युर्कीने खडूने ओढून दिली.
हात रेघेशी पोचला, ओलांडून खाली गेला,
तिथल्या रिकाम्या हवेत मूठ वळली
आणि वर ओढू लागली.

मागच्या ऑगस्टमध्ये जाळं काढताना
मी पाण्यात गेलो होतो.
किती वेळ, यावर आमचं एकमत नाही.
मी म्हणतो, तीन-चार मिनिटं.
ती आकडा सांगत नाही.
कोटाची कॉलर मात्र शिवणीतून उसवली होती, ती तिने
हिवाळ्यात, न विचारता, दुहेरी दोऱ्याने शिवली.

मी पांढरीतून उतरलो. गुडघा कुरकुरला.
लाट आत येईल हिच्यात, मी म्हणालो,
काहीतरी म्हणायला हवं म्हणून.

येऊ दे, ती म्हणाली. लाट उपसता येते.

युर्कीने कागद पुढे केले, तेलाचा कॅन, दोरखंड, कर वेगळा.
मी खळग्यांचं विचारलं, नंतर बसवता येतील का.
येतील, पण दोनच.
आणि उपसायला एक डबडं पाहिजे, हिल्काने सांगितलं.
ते त्याने फुकट दिलं.