तिसरा हात

ऑक्टोबरात पुंता अरेनासच्या चौकांत
नगरपालिकेची माणसं दोरखंड बांधतात,
खांबापासून खांबापर्यंत, कमरेच्या उंचीवर.
वारा सुटला की माणसांनी धरायला.
पर्यटक त्यांचे फोटो काढतात.
आम्ही धरतो.

मिर्को धरत नाही.

सात वर्षांचा आहे. मोज्याची शिवण बोटांना टोचते म्हणून
आज सकाळी चाळीस मिनिटं जमिनीवर पडून होता.
एक बूट खिडकीवर मारला, दुसरा माझ्यावर.
मोजा उलटा केला, सुलटा केला,
शिवण कात्रीने कापली,
तर भोक पडलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून.
कारखान्याची बस सहा पन्नासला निघते.
निघाली.

इथे तळपाय बारा महिने गारच असतात,
तरी तळपायाची आग मस्तकात जायची ती जातेच.
मला तिची वाट पाठ आहे :
पोटऱ्या, गुडघे, पोटात एक पोकळ जागा,
मग हात.
हातांपाशी पोचायच्या आत
मी न्हाणीघरात जाते, नळ सोडते, फरशा मोजते.
आरशाखाली अकरा, आणि एक फुटकी.

ती मी फोडली. मागच्या हिवाळ्यात, कॉफीचा कप फेकून.
तो दात घासत होता. कप त्याच्या डोक्यावरून वीतभर गेला.
घरी कुणी आलं की मिर्को त्यांना हाताला धरून नेतो,
दाखवतो :
"ही यास्नाने फोडली."
रागावला की मला नावाने हाक मारतो,
पण हे सांगताना आवाजात राग नसतो.
तेच ऐकवत नाही.

दिवसभर मी खेकड्यांच्या तंगड्या फोडते.
लाल, काटेरी, हातमोज्यातूनही बोचणाऱ्या.
जोर बेताने लावावा लागतो,
जास्त लागला तर आतलं मांस चिरडतं
आणि मुकादमीण वजनातून कापून घेते.
आठ तास मी हे न चिरडता सोडवते.
हात हेच.
घराच्या पायऱ्या चढताना त्यांना काय होतं?

दुपारी शाळेने बोलावलं, या महिन्यात तिसऱ्यांदा.
इग्नासियोच्या दंडावर दातांची अर्धी रांग होती,
वरचे दोन पडलेत ना, तिथे जागा सोडून.
बाई हळू आवाजात म्हणाल्या, घरी काही चाललंय का?
मी म्हटलं, वारा.

परत येताना चौकात त्याने दोर सोडला.
मुद्दाम. माझ्याकडे बघत.
दोन्ही हात पसरले, जॅकेट फुगलं,
पाय घसरत रस्त्याकडे जाऊ लागले
आणि समोरून लाकडांचा ट्रक.
मी कॉलर पकडली. ओढला.
आग एका झेपेत वर आली, वाटेत कुठेही न थांबता.

एका हातात तो होता, दुसऱ्या हातात दोर.
मारायला तिसरा हात नव्हता.

मग मी ओरडले. काय ओरडले ते मलाच ऐकू आलं नाही,
वाऱ्याने शब्द तोंडातूनच उचलून
सामुद्रधुनीवर नेले.
तो माझ्या ओठांकडे बघत होता.
"काय?"
गुडघ्यांवर बसले. टोपी वर सारून
तोंड त्याच्या कानाशी नेलं.
कान बर्फासारखा होता, मागे पेन्सिलीची रेघ.
तेवढ्या जवळून ओरडता येत नाही.
जे म्हणणार होते ते तिथे मावेना.
"मी घाबरले रे," एवढंच गेलं.
त्याने विचार केला. माझ्या कानात म्हणाला,
"अजून टोचतोय."

खिळ्या-स्क्रूंच्या दुकानाच्या दारात बसून
त्याचा मोजा काढला, खिशात घातला.
नागडं पाऊल बुटात.
एक म्हातारा थांबला, मान हलवून गेला.

रात्री सूप भिंतीवर गेलं. गाजर नको होतं.
मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला,
आज कडी लावायची राहिली.
एक, दोन, तीन...
दाराबाहेर जमिनीवर बसून तोही मोजू लागला,
माझ्या मागोमाग, चिडलेल्या आवाजात.
नऊनंतर तो दहा विसरतो.
थेट अकरा.