खोडांची कमान

पाटचारीच्या अल्याड, फैजपूरच्या रस्त्याला
टोपलू भंगाळेंच्या बागेत कटाई झाली.
घड गेले ट्रकात, पाला अंथरून, दिल्लीला.
खोडं राहिली बांधावर आडवी, कापल्या तोंडांनी
ऊन पीत.
मी म्हटलं, दादा, मले द्या.
"कशाले?"
फुलं उभी कराले.
त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग खोडांकडं.
"न्या माय, बांध तरी मोकया व्हईन."

चौदा फुटी कमान. मुलीकडच्यांनी
मोबाईलवर फोटो दाखवलेला, कुठल्याशा वाळवंटातलं लग्न,
पांढरं, फुगलेलं, ढग उतरल्यासारखं.
मी फोटो पाहत नव्हते, त्याच्या पोटातल्या
हिरव्या विटा मोजत होते.
दोनशे चाळीस.

सात वर्षं भिजवल्या मी त्या विटा.
बादलीत सोडायची, आपसूक बुडू द्यायची,
घाईनं दाबली तर आत कोरडी राहते.
बोट लागलं की खळगा पडतो,
तो भरून येत नाही.
सावद्यात आमच्या परसात, पेरूच्या बुंध्याशी
एका लग्नाचा चुरा टाकला होता,
त्या नवरीचं पोर आता दुसरीत आहे.
चुरा अजून हिरवाच.
कोंबडी येते, चोच मारते,
सोडून देते.

रुबाब तडवीनं कोयता चालवला, हातभर तुकडे.
खोडाच्या आत घरंच घरं,
माशांनी बांधून मध भरायचा राहून गेलेला,
तिथे पाणी.
निशिगंधाला पेचकसानं आधी वाट करून द्यायची.
शेवंती ऐकत नाही, तिला बाभळीचा काटा.
झेंडूचं काय, तो कुठेही नांदतो.
अगदी वर कोंबड्यांची जाळी चुरगळून,
जाळीत ओलं गोणपाट, गोणपाटात
दादरच्या कणसांचे झुबके,
ते वाळलेलेच बरे दिसतात.

रात्री साडेअकराला कमान वाकली.
वीट हलकी असते, मला तीच सवय.
खोड म्हणजे उभं केलेलं पाणी.
रुबाबनं बांबूला हात लावला नाही.
दोन खड्डे खणले, दोन्ही पायांशी
आख्खी खोडं पुरली, सुतळीनं आवळली,
त्याच्या बापानं गावातल्या दर मांडवाच्या दाराशी
पुरली होती तशी.
"ताई, हे तं आपलंच व्हतं."
मी काही बोलले नाही.
मी पुण्याहून तीन दिवसांचा कोर्स करून आले होते,
बारा हजार भरून.

दुपारी चव्वेचाळीस. कुलर झळाच फेकत होते.
करवल्या कोमेजल्या,
बँडवाल्याच्या फेट्यातला तुरा कोमेजला.
कमान नाही.
फक्त पाचव्या मंगलाष्टकाला
वरून एक थेंब सुटला
विहीणबाईंच्या मोतिया शालूवर.
"पाणीच दिसतंय," त्या म्हणाल्या.
मी मान हलवली.
केळीचा चीक आधी पाण्यासारखाच दिसतो.

सकाळी मोडायला घेतली.
सुतळी गुंडाळली. जाळी पायानं सरळ केली,
पुढच्या सोमवारी यावलला लागणार होती.
खोडं भंगाळेंच्या गाईंनी घेतली, काही फुलांसकट.
मांडवात दोन खड्डे राहिले,
रुबाबनं तेही बुजवले, टाचेनं.

आठव्या दिवशी फोन आला.
डाग तपकिरी झालाय, निघत नाही,
लिंबू झालं, रॉकेल झालं.
मी म्हटलं, शालूचं काय ते मी बघते.
त्या थांबल्या. मागे कुठे तरी मिक्सर चालू होता.
मग म्हणाल्या, "माझ्या माहेरी रावेरला
एक लुगडं असं नव्हतं, ज्याला हा डाग नाही.
बायांनी कापणीला नेसायचं वेगळं ठेवावं, तर
तेवढी लुगडी होती कुठं?"
आणि हसल्या.

बिलातून मात्र आठशे कापले.

टोपलूदादांचा निरोप आहे:
पंधरा तारखेला मधला प्लॉट निघतोय,
खोडं लागतील का?
आणि येताना
जुना कपडा घालून या.