लेदु

भाऊबीज झाली की तिसऱ्या दिवशी
आम्ही नान्नजला माळढोक बघायला जातो.
हे कोणी ठरवलं, विचारू नका.
तातय्या म्हणतात अव्वानं,
अव्वा म्हणते कारखान्याच्या सुट्टीनं.

सकाळची बार्शी गाडी, मागची लांब सीट.
उलटी होणाऱ्याला खिडकी,
म्हणजे कायम नरहरीकाकाला,
वय त्रेपन्न, तरीही.
पिशवीत कडक भाकऱ्या, शेंगाचटणी,
फराळातल्या उरलेल्या, मऊ पडलेल्या चकल्या,
आणि ती चादर.

चादर सेकंड मालातली.
साच्यावर धागा तुटला तेव्हा
तातय्या म्हणे दारात उभ्या पोराकडून
माझे वडील जन्मल्याचा निरोप ऐकत होते.
चार बोटं नक्षी चुकली,
एका मोराचा पिसारा विणायचा राहिला.
मालकानं मजुरी कापली
आणि चादर गळ्यात मारली.
घरात तिच्याइतकं काहीच टिकलं नाही.

माळावर पोचलो की ओळ लागते.
दुर्बीण एक. तिची डावी काच
मी चौथीत असल्यापासून धूसर आहे.
आधी धाकटे, मग मोठे, मग जावई.
प्रत्येकाला तातय्या विचारतात, "उंदा?"
प्रत्येक जण म्हणतो, "लेदु."
माझा सातारकर नवरासुद्धा म्हणतो लेदु.
आमच्या तेलुगूतला
त्याला येणारा तेवढा एकच शब्द.

काळवीट दिसतात. ते आम्ही धरत नाही.
एका वर्षी लांडगा दिसला,
बांधावर बसून आमच्याकडेच बघत होता.
तातय्या "हं" म्हणाले
आणि परत गवताकडे वळले.

त्यांनी पाहिलाय.
कारखाना बंद पडला त्या साली,
घरी बसवेना म्हणून सायकल काढून
इथवर आले होते.
"अस्सा उभा. मान अशी."
मग ते मान करून दाखवतात,
हनुवटी वर, डोळे अर्धे मिटलेले,
आणि आम्ही सगळे त्या मानेकडे बघत बसतो.

अव्वा ओळीत येत नाही.
ती आमच्याकडे पाठ करून चादरीवर,
तोंड रस्त्याच्या बाजूला.
मांडीवर सूप नसतं, तेंदूपत्ता नसतं,
तरी बोटं वळत असतात.
चाळीस वर्षं रोज हजार विड्या.
बोटांना सुट्टी कळत नाही.

यंदा माझ्या श्रीजाला आणलं होतं. पहिलीत आहे.
दुर्बिणीचा कंटाळा आला तशी चादरीवर लोळली
आणि ओरडली, "हा काय माळढोक!"
बोट त्या बिनपिसाऱ्याच्या मोरावर.
आम्ही हसलो.
तातय्या गुडघ्यावर हात देत खाली बसले,
चष्मा पुसून बराच वेळ बघितलं.
"मान बरोबर आहे," म्हणाले.

जेवून ते बाभळीखाली झोपले.
अव्वानं चटणीची बोटं पुसली,
मला म्हणाली, "मी बघितलाय. दोनदा."
"काय?"
"तुम्ही सगळे त्या नळीतून तिकडं बघूलालाव,
तो इकडनं जातोय की.
सावकाश.
मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यासारखा."
"मग सांगितलं का नाहीस?"
तिनं तातय्यांच्या तोंडावरची माशी हाकलली.
"डबा नीट लाव. तेल सांडतंय."

चार वाजता पुन्हा ओळ.
माझी पाळी आली. धूसर काच, पिवळं गवत,
लांब कोणाचा तरी ट्रॅक्टर.
मागून आवाज, "उंदा?"
मी दुर्बिणीतून डोळा काढला,
वळून रस्त्याकडे पाहिलं.
एक सायकलवाला. दुधाच्या रिकाम्या किटल्या.
अव्वाची पाठ.

"लेदु."

गाडी यायच्या आधी चादर झटकली,
दोन टोकं मी, दोन टोकं नरहरीकाकानं धरून.
कुसळं काही सगळी निघत नाहीत.
ती घरी निघतात,
आठवडाभर, एकेक,
रात्री कोणाला ना कोणाला टोचून.